हाताची परीक्षा

आमच्या गावगाड्यात बारा बलुतेदार होते. लोहार होता, सुतार होता, कुंभार होता. वेल्डर नव्हता. तो मागनं आला, गावात वीज आली तेव्हा. त्यामुळं त्याला बलुतं नाही, खळ्यावरची सूप-दोन सूप नाहीत आणि कारागीर म्हणून मानही नाही. लोहारानं कुळवाची फास वाकडी केली तर माझा आजा त्याला चार माणसांत बोल लावायचा. वेल्डिंगवाल्याला तसं कुणी बोलत नाही, कारण त्याचं काम चांगलं की वाईट हे बघणाऱ्याला कळतच नाही. वरून जोड चकचकीत दिसला, रंगाचा हात फिरला, की पैसे द्यायचे आणि घरी जायचं.

आज आमच्या पाटण तालुक्यात कुठल्याही फाट्यावर उतरा, चहाच्या टपरीशेजारी वेल्डिंगचा एक गाळा असतोच. ट्रॅक्टरची ट्रॉली, जनावरांचा गोठा, शाळेची शेड, देवळापुढचा मंडप, सगळं तिथंच जोडलं जातं. एसटीचा ड्रायव्हर लायसन्सशिवाय गाडीवर बसत नाही. डांबावर चढणाऱ्या वायरमनला परवाना लागतो. पण दोनशे पोरांच्या डोक्यावरचं छप्पर जोडणाऱ्याला ‘बाबा, तू हे शिकलास कुठं, तुझा हात कुणी तपासला?’ असं विचारणारा मला तरी गावात भेटला नाही. हा प्रश्न माझ्या डोक्यात घातला तो लालबागमधल्या एका मिस्त्रीनं. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, पण माझी खरी शाळा त्याच्या हाताखाली झाली.

मी १९७८ साली मुंबईला गेलो. आमच्या थोरल्या चुलत्यांना आम्ही तात्या म्हणत असू. ते परळच्या एका गिरणीत साचे खात्यात होते. लालबागला आमच्या गावकीची एक खोली होती. पाळी धरून वीस-बावीस माणसं तिथं राहायची. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. मला गिरणीत बदलीवर चिकटवायचं असा तात्यांचा बेत होता. पण बदलीवाल्यांची गेटावरची गर्दी बघून तेच म्हणाले, “तुला तीस दिवसांत आठ दिवस काम मिळंल. त्यापरीस हातात कसब घे.” त्यांनी मला गल्लीतल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लावून दिलं.

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. दोन वेल्डिंग सेट, एक ड्रिल, एक ग्राइंडर, आणि रस्त्यापर्यंत पसरलेले अँगल-चॅनेल. गिरण्यांचे मशिन गार्ड, जिने, खिडक्यांचे ग्रिल, छपराच्या कैच्या अशी कामं यायची. श्रावण लागला की मंडळांचे लोक यायचे. लालबागच्या गणेश गल्लीनं १९७७ साली २२ फुटी गणपती केला होता. मी गेलो तेव्हा त्याच्याच गोष्टी चालू होत्या आणि जो तो मंडळवाला उंच मूर्तीच्या मागं लागला होता. उंच मूर्तीला लोखंडी गाडा लागतो. त्या गाड्यांचं काम आमच्याकडं रात्र-रात्र चालायचं.

तिथला मुख्य वेल्डर राजापूरकडचा. त्याला सगळे नुसतं मिस्त्री म्हणत. वय पंचेचाळिशीचं, बोलणं थोडं. तरुणपणी गोदीत जहाजाच्या कामावर होता, तिथंच त्यानं वेल्डरची परीक्षा दिली होती. तिचा कागद त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवलेला असायचा. मला वाटायचं, एवढ्या कागदाला काय जपायचं. हात तर सगळ्यांना दिसतोच आहे.

पहिले सहा महिने त्यानं मला होल्डर हातात धरू दिला नाही. खपली झाडायची, वायर ब्रश मारायचा, आणि रॉड काढून द्यायचा. त्या रॉडवरच माझं शिक्षण सुरू झालं.

वेल्डिंगच्या रॉडला कारखान्यात नंबरानं हाक मारतात. बारा नंबर म्हणजे अडीच एमएम, दहा नंबर म्हणजे सव्वातीनला थोडा कमी, ३.१५ एमएम, आणि आठ नंबर म्हणजे ४ एमएम. नंबर जितका लहान, तितका रॉड जाड. नवशिक्याची इथंच गल्लत होते. हा आकडा आतल्या तारेचा असतो, वरच्या लेपाचा नाही. ३.१५ आणि ४ एमएमचे रॉड शेजारी ठेवले तर फरक नखाएवढा दिसतो. पण तारेचं तोंड दीडपटीहून मोठं असतं. तेवढंच लोखंड जास्त वितळून पडतं आणि करंटही तेवढाच चढा लागतो. अडीचच्या रॉडला साठ ते नव्वद अँपिअर पुरतात, ३.१५ ला नव्वद ते एकशेतीस, आणि चारला एकशेचाळीसच्या पुढं जावं लागतं.

मिस्त्रीनं हे आकडे पाठ करून घेतले, पण कारण मला कळलं ते शेतामुळं. रॉड पेटला की त्याच्या टोकाशी लोखंडाचं एक लहान तळं होतं. ते तळं पुढं-पुढं न्यायचं आणि मागं त्याचा जोड थिजत जायचा. हे हुबेहूब दारं धरण्यासारखं आहे. सपाट वाफा असला तर पाटाचं पाणी पुरं सोडलं तरी चालतं, ते जागेवर बसतं. पण उताराच्या सरीला तेवढंच पाणी सोडा, बांध फुटलाच. उभ्या जोडात लोखंडाचं तळं खाली घसरायला बघतं. डोक्यावरच्या जोडात ते थेंब होऊन अंगावर पडायला बघतं. तिथं बारीक रॉड, कमी करंट आणि लहान तळं ठेवलं तरच ते जागेवर थिजतं. जाड रॉड लावला तर लोखंड ओघळतं, खपली आतच अडकते आणि वरून फुगीर जोड दिसतो. कोपऱ्यातही तसंच. दोन पत्र्यांच्या बेचक्यात जाड रॉडचं टोक मुळापर्यंत पोचतच नाही. वर भरणी होते, मुळाशी पोकळी राहते. पहिला थर, ज्याला रूट म्हणतात, तो म्हणून बारीक रॉडनं मारायचा.

हे सगळं कुणा मिस्त्रीच्या मर्जीवर सोडलेलं नाही, ते लिहून ठेवलेलं आहे. अमेरिकेच्या वेल्डिंग सोसायटीनं १९२८ साली इमारतींच्या वेल्डिंगची पहिली नियमावली काढली. तिचंच पुढचं रूप आजही जगभर वापरतात. हायड्रोजन कमी सोडणारे जे भारी रॉड असतात, ज्यांना आपल्याकडं ७०१८ म्हणून ओळखतात, ते उभ्या आणि डोक्यावरच्या कामाला ४ एमएमहून जाड वापरायचे नाहीत, असं त्यात आहे. सपाट कामाला ८ एमएमपर्यंत मुभा आहे, आडव्या फिलेटला साडेसहाच्या आतच. आपल्याकडं रॉडसाठी आयएस ८१४ आहे, वेल्डिंगच्या कामासाठी आयएस ८१६ आहे, पोलादी बांधकामासाठी आयएस ८०० आहे. त्यात जोड किमान केवढा हवा तेही दिलेलं आहे. पत्रा १० एमएमपर्यंत असेल तर जोड निदान ३ एमएम, १० च्या वर २० पर्यंत ५ एमएम, २० च्या वर ३२ पर्यंत ६ एमएम. जाड पत्रा म्हणजे थंड चूल. त्यावर इवलासा जोड मारला तर पत्रा सगळी धग ओढून घेतो, जोड झटक्यात थिजतो आणि तडकतो.

नियम होते, तरी पोटाची गरज त्यांना बगल द्यायला बघतेच. १९८१ च्या पावसाळ्याआधी आमच्याकडं एका मोठ्या कामाच्या कैच्या आल्या. कारखाना कुणाचा, ठेकेदार कोण, ते सोडून द्या. मुद्दा वेगळा आहे. त्या कामाला तपासनीस होता आणि कामाची पद्धत आधी कागदावर ठरवलेली होती. रॉड कुठला, किती जाड, करंट किती, थर किती, सगळं. काही जोड कैची जागेवर चढवल्यावर, डोक्यावर हात करून मारायचे होते. तिथं ४ एमएम लिहिलं होतं. दिवस थोडे उरले तसा ठेकेदार ५ एमएमच्या रॉडची खोकी घेऊन आला. म्हणाला, “मिस्त्री, एका फेरीत भरून टाका. चार दिवसांचं काम अडीच दिवसांत होईल.”

हिशेब त्याचा चूक नव्हता. ५ चा रॉड ४ पेक्षा दीडपट लोखंड टाकतो. मिस्त्रीनं खोकं बघितलं आणि परत झाकण लावलं. “माझी परीक्षा पाचच्या रॉडनं अडत नाही. रॉड जाड झाला म्हणून वेल्डर नापास होत नाही. पण हा कागद नापास होतो. आणि डोक्यावर पाच कुणी मारत नाही.”

त्याचं बोलणं मला त्या दिवशी अर्धंच कळलं. पुढं कळलं की परीक्षा दोन असतात. एक माणसाची, एक पद्धतीची. माणसाच्या परीक्षेत बघायचं ते हे की याचा हात स्वच्छ जोड मारू शकतो का. तिथं पत्र्याची जाडी, जोडाची स्थिती आणि रॉडचा गट महत्त्वाचा. त्याच गटातला रॉड थोडा जाड-बारीक झाला तर माणसाला परत परीक्षेला बसवत नाहीत. पद्धतीच्या परीक्षेत बघायचं ते हे की एवढा रॉड, एवढी धग, एवढे थर यांतून निघालेला जोड ताकदीचा असतो का. तिथं मात्र त्या अमेरिकन नियमावलीप्रमाणं रॉड ०.८ एमएमहून जास्त जाड केला तर सगळी पद्धत परत तपासावी लागते. कारण जाड रॉडाबरोबर धग वाढते आणि धग वाढली की शेजारच्या पोलादाचा स्वभाव बदलतो. बी तेच असलं तरी पाभरीचं नळं बदललं की पेर बदलते, तसं.

ठेकेदारानं मग दुसऱ्या एका वेल्डरला गाठलं. त्यानं दोन जोड ५ च्या रॉडनं मारले. मिस्त्री तपासनिसाकडं तक्रार घेऊन गेला नाही. त्यानं ग्राइंडर घेतला आणि ठेकेदारासमोर एक जोड आडवा कापला. वरून बोटभर जाड दिसणाऱ्या त्या जोडात मुळाशी काळी रेघ होती, आडकित्त्यानं फोडलेल्या किडक्या सुपारीसारखी. ठेकेदार काही बोलला नाही. खोकी परत गेली, दोन्ही जोड घासून परत मारले. काम चार दिवस उशिरा झालं, आणि पुढच्या कामाला त्यानं मिस्त्रीला बोलावलं नाही.

त्या वर्षाअखेर गिरणगावाचं वारं फिरलं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली. तात्या बसले, खोलीतले सगळे बसले. गिरणी बंद म्हणजे गिरणीवर जगणारी आमची शेडही बंद. मार्चपर्यंत आम्ही ग्रिलच्या कामावर रेटलं. मग मालकानं शटर ओढलं. मिस्त्री गिरणीकामगार नव्हता, त्यानं संप केला नव्हता, पण त्याचीही चूल थंडावली. काही महिने त्यानं परळच्या भाजीवाल्याकडं पाट्या उचलल्या.

दिवाळीच्या तोंडाला त्याला एका मोठ्या साइटवर बोलावणं आलं. तिथं बाबूनं डब्याच्या पिशवीतला तो कागद बघितला आणि विचारलं, “शेवटचं वेल्डिंग कधी केलंत?” मिस्त्रीनं खरं सांगितलं. बाबूनं कागद परत केला. सहा महिने हातात होल्डर नसेल तर परीक्षा नव्यानं द्यायची, असा नियम आहे. तो तेव्हाही होता, आजही बहुतेक ठिकाणी आहे.

मी त्याच्याबरोबर गेलो होतो. बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. म्हणालो, “मिस्त्री, वीस वर्षांचं काम, आणि सहा महिन्यांत वाया? संप काय तुम्ही केलात?”

तो चालता-चालता म्हणाला, “संप कुणी केला ते जोडाला कुठं माहीत असतं? हात रिकामा राहिला की विसरतो. नियम बरोबर आहे.”

मला तो नियम बरोबर वाटला नाही. खरं सांगायचं तर आजही त्याचा एक काटा सलतो. उपाशी माणसाला नियम दाखवताना त्याला सरावाला चार पत्रे आणि पुडाभर रॉड देणं कुठल्याही कंपनीला जड नव्हतं. पण नियम ज्या कारणासाठी आहे, ते कारण मला पुढच्या पंधरा दिवसांत डोळ्यांनी दिसलं.

सरावासाठी लोखंड हवं होतं. आम्ही दोघं रे रोडला दारूखान्यात गेलो. तिथं मोडीत काढलेल्या जहाजांचा माल मिळतो. जहाजाच्या पत्र्याचे तुकडे किलोवर घेतले, गोणीत घालून डोक्यावरून आणले. काळाचौकीच्या एका ओळखीच्या गाळेवाल्यानं रात्री नऊनंतर करंट दिला. रॉड मात्र महाग. मिस्त्री रोज मोजून सहा रॉड जाळायचा आणि बुडखेसुद्धा टाकायचा नाही. ७०१८ च्या रॉडला ओल चालत नाही. लेपात शिरलेलं पाणी जोडात हायड्रोजन सोडतं, आणि जोड पूर्ण झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशीही, आतून तडकतो. म्हणून हे रॉड अडीचशे अंशांच्या वर दोन-एक तास भट्टीत भाजायचे, मग गरम पेटीत ठेवायचे आणि बाहेर काढले की चार तासांत संपवायचे. आमच्याकडं भट्टी कुठली? गाळेवाला शेजारच्या कारखान्यातून भाजलेले रॉड मागून आणायचा.

पहिल्या रात्री मिस्त्रीचा डोक्यावरचा जोड बघून मी मान फिरवली. लोखंडाचे थेंब त्याच्या बाहीवर पडत होते. ज्या माणसाचा जोड ओळीत मांडलेल्या नाण्यांसारखा यायचा, त्याचा जोड मेंढरानं चघळलेल्या दोरीसारखा आला होता. सहा-सात महिने पाट्या उचललेला हात जड झाला होता, आणि डोळ्यांनाही जवळचं कमी दिसायला लागलं होतं. त्या रात्री त्याला तसंच पास करून कुणी पुलावर चढवलं असतं, तर? नियम त्या ‘तर’साठी आहे.

परीक्षा साधी असते आणि निर्दय असते. दोन पत्रे तासून त्यांच्यात व्ही आकाराची चर करतात. पत्रे उभे किंवा डोक्यावर बांधतात. तुम्ही ती चर भरायची. मग त्या जोडाच्या आडव्या पट्ट्या कापतात आणि दाबयंत्रात घालून इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवतात. एक पट्टी अशी की जोडाची पाठ बाहेर, एक अशी की मूळ बाहेर. वाकलेल्या जागी ३ एमएमहून मोठी फट उघडली की नापास. दहा एमएमच्या पत्र्यावर पास झालात तर वीसपर्यंतच्या पत्र्याला तुम्ही लायक, पंचवीसवर पास झालात तर कितीही जाड पत्रा चालतो. उभ्यात पास झालेला सपाट आणि आडवं करू शकतो, पण डोक्यावरचं नाही. त्याची परीक्षा वेगळी. तुमचं वय, गाव, वीस वर्षांचा अनुभव यांतलं काहीच त्या पट्टीला माहीत नसतं.

मिस्त्री पहिल्या खेपेला उभ्यात पास झाला, डोक्यावरच्यात मुळाची पट्टी फाटली. फेरपरीक्षेला दुप्पट पट्ट्या वाकवतात. आठ दिवसांनी तो परत गेला. चारही पट्ट्या वाकल्या, एकही उघडली नाही. त्यातली एक त्यानं मागून आणली आणि मला दिली. “ठेव. कागद हरवतो.” तो साइटवर निघून गेला. माझ्या वडलांचं दुखणं वाढलं म्हणून मी त्याच हिवाळ्यात गावी आलो आणि औताच्या मागं लागलो ते आजतागायत. गिरण्यांचा संप मागं घेतला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. तात्याही नंतर गावीच आले.

वेल्डिंग हातातून सुटलं, पण त्याबद्दल वाचायची खोड लागली. माणसानं हे सगळे नियम काही बसल्या-बसल्या केले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं रिव्हेटऐवजी वेल्डिंगनं भराभर जहाजं बांधली. १६ जानेवारी १९४३ ला स्केनेक्टडी नावाचं नवं कोरं तेलवाहू जहाज बंदरात शांत उभं असताना मोठा आवाज होऊन मधोमध दुभंगलं. रिव्हेटच्या बांधणीत चीर एका पत्र्यापाशी थांबू शकते. वेल्डिंगनं सगळं जहाज एकच पत्रा होऊन जातं, चीर निघाली की तिला अडवणारं कुणी नसतं. दक्षिण कोरियात सोल शहराच्या सेओंगसू पुलाचा मधला तुकडा २१ ऑक्टोबर १९९४ च्या सकाळी नदीत पडला. ३२ माणसं गेली, त्यांत शाळेला निघालेल्या मुली होत्या. चौकशीत पोलादी सांगाड्याचं निकृष्ट वेल्डिंग पुढं आलं. पूल पंधरा वर्षांचा होता. पंधरा वर्षं तो जोड वरून चांगलाच दिसत असणार.

मुंबईला मी अजून वर्षा-दोन वर्षांतून जातो. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. तिथं लोखंड तुटलं नव्हतं. गिरण्या जाऊन तिथं ऑफिसं आली, माणसं वाढली आणि पूल अरुंदच राहिला. नंतर लष्करानं तिथं नवा पादचारी पूल उभारला, तो फेब्रुवारी २०१८ ला खुला झाला. लष्कराच्या अशा पुलाच्या चौकटी कारखान्यात वेल्डिंगनं बनवून आणलेल्या असतात आणि जागेवर एकमेकींना जोडतात. मी त्यावरून गेलो तेव्हा लोक धावत होते आणि मी कठड्याशी उभा राहून जोड बघत होतो. मागच्यानं मला ढोसलं, बरोबरच होतं त्याचं.

त्याच जुलैत अंधेरीच्या पुलाचा भाग पडला आणि मग लोअर परळचा डिलाईल रोडचा पूल धोक्याचा ठरवून बंद केला. तो पाडून नवा व्हायला, पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. परळकर पाच वर्षं वळसा घालत होते आणि शिव्या देत होते. रेल्वेवरचे असे पोलादी गर्डर रस्त्यात बसून जोडत नाहीत. त्यांचं मुख्य वेल्डिंग कारखान्यात, परीक्षा दिलेल्या माणसांकडून होतं, जोड तपासले जातात, आणि जागेवर बहुतेक बोल्टच आवळतात. उशिराची सगळी कारणं काही एवढी सोज्वळ नसतात, हे मलाही कळतं. पण जो उशीर जोड तपासण्यात जातो, त्याला मी शिवी देत नाही.

आता घरातली गोष्ट. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा फाट्यावर वेल्डिंगचा गाळा चालवतो. सात वर्षं झाली. पोरगं कष्टाळू आहे. गेल्या साली तो पुलाचे गर्डर करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला गेला. उभ्या पत्र्याच्या परीक्षेत पडला. घरी येऊन जेवला नाही. मला म्हणाला, “नाना, सात वर्षांत माझी एक ट्रॉली तुटल्याली दाखवा. आन् ती पट्टी मला नापास करती व्हय?”

मी कपाटातून मिस्त्रीची ती वाकलेली पट्टी काढून त्याच्यापुढं ठेवली. संपाची, दारूखान्याची, सहा रॉडांची सगळी गोष्ट सांगितली. तो बराच वेळ पट्टीवर अंगठा फिरवत बसला. मग एकच विचारलं, “रूट कितीच्या रॉडनं मारला हुता?”

हिवाळ्यात आमच्या शाळेला पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड करायचं ठरलं. दोन हजार लिटरची टाकी, पंधरा फुटांवर. म्हणजे दोन टन वजन, आणि खाली नळावर पोरं. काम पुतण्यालाच मिळालं. मी काही बोलायच्या आधीच त्यानं गाळ्यात दोन पत्र्यांचे तुकडे काटकोनात उभे केले आणि एकाच बाजूनं जोड मारला. मग शाळेच्या गुरुजींना आणि सरपंचांना बोलावलं. जोड नसलेल्या बाजूनं घण घालून उभा तुकडा जोडाच्या अंगावर पाडला. जोड फाटला की त्याचं पोट दिसतं. मूळ दोन्ही पत्र्यांत भिनलंय का, भोकं आहेत का, खपली अडकलीय का, हे कुणालाही दिसतं. त्याला ना यंत्र लागतं ना इंग्रजी. दोन रॉड आणि दहा मिनिटं लागतात.

पहिल्या तुकड्याच्या मुळाशी चार बोटं लांबीची काळी रेघ निघाली. गुरुजी गप्प झाले. सरपंच म्हणाले, “ऱ्हाऊ दे, वरनं तर झ्याक दिसतुया.” पुतण्यानं आठ नंबरचा रॉड होल्डरमधून काढला, दहा नंबरचा लावला, करंट उतरवला आणि दुसरा तुकडा मारला. तो फोडायला घणाचे सात घाव लागले आणि आत राखाडी, दाणेदार, भरीव लोखंड निघालं. स्टँडचा सगळा रूट मग त्यानं दहा नंबरनंच मारला. दोन दिवस जास्त लागले, त्याचे पैसे त्यानं मागितले आणि सरपंचांनी कुरकुर करत दिले.

रॉडचे पुडे त्यानं आता गाळ्याच्या ओल्या भिंतीपासून काढून पत्र्याच्या पेटीत ठेवलेत, आत बल्ब लावून. भारी रॉडला एवढ्यानं भागत नाही, पण साध्या रॉडला आमच्या पाटणच्या पावसाळ्यात तेवढा आधार पुष्कळ झाला. येत्या मार्गशीर्षात तो परत परीक्षेला जाणार आहे. तोवर रात्री जेवण झालं की गोठ्यामागं निळा उजेड लखलखतो, म्हैस बिचकते आणि माझी बायको लाइटबिलाच्या नावानं ओरडते.